जिंकत आलेला डाव हातनं का सुटतो? वाचकांचे बुद्धिबळाचे प्रश्न

या वेळी ओपनिंगचा (डावाच्या सुरुवातीचा) एकबी प्रश्न घेतलेला नाही, मुद्दाम. सिसिलियन खेळू का कारो-कान ह्याच्यावर आधी भरपूर लिहून झालंय आणि खरं सांगायचं तर चौदाशे-पंधराशे रेटिंगपर्यंत कुणी ओपनिंगमुळं हरत नाही, हरायला पुढं लई जागा असतात. ह्या खेपेला आलेल्या पत्रांचा सूर एकच आहे, अटॅक जमतोय पण डाव संपवता येत नाही. तर तेच घेऊया.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, क्लासला जातो. अटॅक छान करतो असं सगळे म्हणतात, पण मागच्या स्पर्धेत दोन प्यादी वर (जास्त) असताना ड्रॉ आणि वजीर वर असताना स्टेलमेट (शह नाही पण समोरच्याला चालच उरत नाही, म्हणून ड्रॉ) करून आला. (ड्रॉ झालेल्या डावाचा स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहिलेला कागद, सोबत पाठवलाय.) एंडगेमचं (सोंगट्या कमी उरल्यावरच्या खेळाचं) पुस्तक उघडलं की त्याला झोप येते. मला स्वतःला फक्त सोंगट्यांच्या चाली कळतात. घरी त्याच्याकडून काय करून घेऊ, कुठले डाव दाखवू?
— एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, स्कोअरशीट पटावर लावून बघितला. पोराला एंडगेम येत नाही असं मला त्याच्यावरनं वाटत नाही. दुसरं प्यादं खाईपर्यंत झकास खेळलाय, प्रत्येक चालीला समोरच्याला काहीतरी काम लावलंय, आणि प्यादं खाल्ल्यावर बघा, हत्ती पहिल्या ओळीत परत, उंट मागं, राजा कोपऱ्यात, पुढच्या सगळ्या चाली आपलं काही जाऊ नये म्हणून. म्हणजे त्यानं मनातल्या मनात डाव जिंकून टाकला आणि राखण करायला बसला. समोरच्या पोराला तेवढंच पाहिजे होतं, त्यानं निवांत हत्ती आत घातला आणि एकेक करत दोन्ही प्यादी परत काढून घेतली.

आपल्याकडं क्लासमधी इनिशिएटिव्ह (पुढाकार) एक धडा, एंडगेम दुसरा धडा असं शिकवतात, त्यामुळं पोरांचा समज होतो की वजीर पटावरनं गेले की पुढाकार घ्यायचं संपलं, आता हिशेब करायचा. उलट आहे. खासबागेत एखाद्या पैलवानानं समोरच्याला खाली धरला म्हणून कुणी फेटे उडवत नाही, पाठ लागेपर्यंत कब्जा सोडायचा नसतो, आणि कब्जा सुटतो तो बहुतेक वेळा वरचा जरा श्वास घ्यायला थांबला की.

आता डाव. एकच देतो पण तो नीट करा. न्यूयॉर्क १९२४, कापाब्लांका पांढरा, टार्टाकॉवर काळा. कापाब्लांका तेव्हा वर्ल्ड चॅम्पियन होता (त्या स्पर्धेत पहिला मात्र लास्कर आला, कापाब्लांका दुसरा). पूर्ण डाव बावन्न चालींचा आहे, तुम्ही पस्तिसाव्या चालीपासनं सुरू करा. घरातला खरा पट काढा, मोबाईल नको, आणि अशी मांडणी करा (उभ्या पट्ट्या पांढऱ्याच्या डावीकडनं ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याकडनं एक ते आठ). पांढरा : राजा एफ३, हत्ती एच७, प्यादी ए४, सी३, डी४, एफ४, जी५. काळा : राजा एफ८, हत्ती सी६, प्यादी ए७, बी६, सी७, डी५, एफ५. मोजून बघा, दोघांकडं एकेक हत्ती आणि पाच-पाच प्यादी. चाल पांढऱ्याची, आणि काळ्याची धमकी उघड आहे, हत्तीनं सी३ चं प्यादं खायचं, ते पण शहासकट.

पोराला पांढरा द्या आणि दहा मिनिटं काही बोलू नका. बहुतेक पोरं सी३ कसं वाचवायचं हेच शोधत बसतात, राजा मागं घ्यायला बघतात. कापाब्लांकानं राजा जी३ ला नेला. म्हणजे सी३ घे म्हणाला. काळ्यानं घेतलं, शह. राजा एच४. काळ्याचा हत्ती एफ३ ला आला, आता एफ४ वर डोळा. पांढऱ्यानं एफ४ वाचवलं नाही, जी६ केलं. काळ्यानं एफ४ पण खाल्लं, परत शह, राजा जी५ ला चढला, हत्ती हलवावा लागला, तो ई४ ला गेला. आणि आता एकोणचाळिसावी चाल. राजाच्या शेजारी एफ५ ला काळ्याचं प्यादं फुकट पडलंय, आणि पांढरा दोन प्यादी मागं आहे. तुमचं पोरगं ते खाणार, मी पैज लावतो. कापाब्लांकानं खाल्लं नाही, राजा एफ६ ला नेऊन ठेवला.

इथं पट थांबवा आणि त्याला दोन गोष्टी विचारा. पहिली, आता पांढऱ्याची धमकी काय? हत्ती एच८, मात. काळ्या राजाला कुठंच जागा नाही, पांढरा राजा आणि जी६ चं प्यादं दोघांनी सगळी घरं धरलीत. दुसरी, एफ५ चं प्यादं का सोडलं? कारण ते काळ्याचंच प्यादं पांढऱ्या राजाच्या खाली उभं आहे, काळ्याला एफ पट्टीतनं हत्तीनं शह द्यायचा तर वाट त्याच्या स्वतःच्याच प्याद्यानं अडवलीय. शत्रूचा माणूस आपल्या दारावर पहारेकरी, ते खाऊन टाकलं असतं तर शहांचा पाऊस सुरू झाला असता.

मग काळा राजा जी८, हत्ती जी७ शह, राजा एच८, आणि आता सी७ चं प्यादं खाल्लं. काळ्याचा हत्ती, जो आत्तापर्यंत पोटभर खात फिरत होता, त्याला मात वाचवायला ई८ ला येऊन बसावं लागलं. त्यानंतर कापाब्लांकानं एफ५ खाल्लं, मग ए७, मग डी५. दोन दिली आणि चार घेतली, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे घेताना समोरच्याकडं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. शेवटी डी पट्टीतलं प्यादं पुढं निघालं आणि टार्टाकॉवरनं डाव सोडला.

हा डाव जगभरात इतक्यांदा छापून आलाय की क्लासमधल्या सरांना तोंडपाठ असणार, तरी पोरांना तो दाखवताना सर भराभरा चाली करून "बघा किती सुंदर" म्हणतात आणि पोरं माना डोलवतात. त्याचा उपयोग शून्य. पोरानं स्वतः चुकीची चाल करून बघायला पाहिजे, तुम्ही काळ्याकडनं खेळा, तुम्हाला चाली कळतात तेवढं बास आहे, त्याला राखण करू द्या आणि काय होतंय ते त्याचं त्यालाच बघू द्या. मग खरी चाल दाखवा.

स्टेलमेटचं काय, ते वयाबरोबर जातं. तोवर एक सवय लावा, वजीर वर असला की चाल करायच्या आधी "आता ह्याच्याकडं कुठली चाल उरती?" एवढं तोंडानं पुटपुटायचं. आणि समोरच्याचं एखादं हलणारं प्यादं असेल तर ते लगेच खायचं नाही, त्याला हलवायला काहीतरी राहू दे की.

प्रश्न : सर, आमचे कोच म्हणतात तुझ्याकडं इनिशिएटिव्ह होता तो सोडलास. घरी येऊन इंजिनला (बुद्धिबळाच्या कॉम्प्युटर प्रोग्रामला) लावलं तर इंजिन म्हणतंय शून्य पॉइंट शून्य, म्हणजे बरोबरी. मग इनिशिएटिव्ह होता का नव्हता? आणि असला तर तो दिसतो कसा, प्याद्यासारखा मोजता येतो का?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कागल

उत्तर : दोघं बरोबर आहेत भावा. इंजिनचा आकडा सांगतोय की दोन्ही बाजूंनी पुढं अचूक चाली केल्या तर काय होईल. आता त्यातल्या एका बाजूला अचूक म्हणजे चार चालींतली कुठलीबी चालती आणि दुसऱ्या बाजूला ओळीनं सहा वेळा एकच चाल आहे, चुकला की मेला, तरी आकडा शून्यच दाखवणार. पण तुझ्यासमोर बसलेला माणूस आहे, त्याचं घड्याळ चाललंय आणि त्याला ती एकच चाल सहा वेळा सापडायला पाहिजे.

मोजायचा तर असा मोज. आपली चाल झाल्यावर समोरच्यानं जे केलं ते त्याचं काम होतं का तुझ्या चालीला उत्तर होतं? त्याला ओळीनं उत्तरंच द्यावी लागत असतील तर पुढाकार तुझ्याकडं आहे. ज्या क्षणी त्याला एक मोकळी चाल मिळाली, त्या क्षणी तो गेला किंवा जायला लागला.

ह्याच्यासाठी अमेरिकेच्या मॉर्फीचा पॅरिसच्या ऑपेरातला डाव घे, १८५८ चा. हसू नको, माहिती आहे तुला तो पाठ असणार, यूट्यूबवर प्रत्येक चॅनेलवर आहे. पण सगळे शेवटचा वजिराचा बळी दाखवतात आणि मला त्यातली आठवी चाल जास्त महत्त्वाची वाटते. समोर दोघं बसलेत, ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इसुआर, सल्लामसलत करून खेळतायत. सहाव्या चालीला मॉर्फीनं उंट सी४ ला आणला, वजीर एफ३ ला आहेच, एफ७ ला मात. त्यांना घोडा एफ६ ला काढावा लागला. सातव्या चालीला वजीर बी३, आता एफ७ आणि बी७ दोन्हीवर मारा. त्यांना वजीर ई७ ला न्यावा लागला, आणि ह्यानं त्यांचाच एफ८ चा उंट कोंडला गेला, तो डाव संपेपर्यंत तिथनं हलला नाही, एच८ चा हत्ती पण नाही.

आता आठवी चाल, बी७ चं प्यादं फुकट आहे. खाल्लं तर काळा वजीर बी४ ला येऊन शह देणार, वजिरावजिरी होणार, पांढरा एक प्यादं वर. आजचं इंजिन म्हणेल खा की, चांगलंच आहे. वाईट नाहीच ते. मॉर्फीनं घोडा सी३ ला काढला. कारण वजीर गेले असते तर समोरच्यांना श्वास मिळाला असता, आणि मॉर्फीला दिसत होतं की त्यांची निम्मी फौज अजून घरातच आहे. बी७ वाचवायला त्यांनी सी६ केलं, ही पण उत्तराचीच चाल. मॉर्फीनं उंट जी५ ला लावला, घोडा बांधला (हलला तर मागचा वजीर जातो). तिथं त्यांनी पहिल्यांदा उलटा हिसका द्यायला बघितला, बी५, उंटाला हाकलायला. मॉर्फीनं उंट मागं घेतला असता तर त्यांना हवी ती मोकळी चाल मिळाली असती, म्हणून त्यानं घोड्यानं ते प्यादंच खाल्लं, घोडा दिला, उंटानं शह दिला, कॅसलिंग (किल्लेबंदी) करून हत्ती थेट डी पट्टीत, मग हत्ती डी७ ला, मग दुसरा हत्ती डी१ ला, त्यांच्याकडं घोडा बांधलेला, हत्ती बांधलेला. सोळाव्या चालीला वजीर बी८ ला दिला, सतराव्या चालीला हत्ती डी८, मात.

मात झाली तेव्हा पट बघ. काळ्याकडं वजीर, हत्ती, उंट, घोडा सगळं आहे. पांढऱ्याकडं प्यादी सोडली तर एक हत्ती आणि एक उंट. शिल्लक राहिलेली दोन्ही सोंगटी कामाला लागलेली होती. तुझे कोच जे म्हणतात ते हेच आहे, तुझा डाव काढ आणि समोरच्याच्या प्रत्येक चालीपुढं उ किंवा मो लिही, उत्तर का मोकळी. पहिला मो कुठं आला तिथं तू आधी काय केलंस ते बघ, बहुतेक करून तिथं तू एखादं प्यादं खाल्लेलं असणार.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. संध्याकाळी आमचा कट्टा जमतो. राजा-हत्ती विरुद्ध एकटा राजा अशी स्थिती आली की मला मात करता येत नाही, समोरचे गृहस्थ मोठ्यानं "एक, दोन, तीन" मोजत बसतात आणि पन्नास झाले की पट उचलतात. हा नियम खरा कसा आहे आणि मात कशी करायची?
— मंगळवार पेठ

उत्तर : सर, नियम आहे पण तुमचे गृहस्थ तो आपल्या सोयीनं वापरतायत. दोन्ही बाजूंच्या पन्नास-पन्नास चाली व्हायला लागतात, त्यांच्या एकट्याच्या पंचवीस आणि तुमच्या पंचवीस मिळून पन्नास नव्हे (हे आधी तपासा, बऱ्याच कट्ट्यांवर असंच मोजतात). त्या पन्नासात एकबी प्यादं हललेलं नसावं आणि काही खाल्लेलं नसावं, त्यातलं काही झालं की मोजणी परत एकपासनं. स्पर्धेत ड्रॉ मागावा लागतो, आपोआप होतो तो पंचाहत्तर चालींना. आणि मोठ्यानं मोजून समोरच्याला त्रास देणं हे कुठल्याच नियमात बसत नाही, आर्बिटर (पंच) असता तर त्यांनाच समज मिळाली असती.

आता मात. अचूक खेळलं तर कुठल्याबी स्थितीतनं सोळा चालींच्या आत होती, वजीर असेल तर दहाच्या आत. तुम्हाला पन्नास आहेत, घाई नाही. तुमचं चुकत असणार ते हे की तुम्ही हत्तीनं शहावर शह देताय. शह द्यायचाच नाही. हत्तीनं एक ओळ अडवून धरा, समजा समोरचा राजा सातव्या-आठव्या ओळीत आहे तर हत्ती सहाव्या ओळीत, तो खाली येऊ शकत नाही. मग आपला राजा चालवत जवळ आणा. दोन्ही राजे समोरासमोर आले, मधे एकच घर, आणि चाल तुमची, तेव्हाच शह, आणि त्याला एक ओळ मागं जावंच लागतंय. राजे समोरासमोर यायला एक चाल कमी पडत असेल तर हत्ती आहे त्याच ओळीत एक घर इकडं-तिकडं सरकवायचा, नुसती वेळ काढायची चाल, आणि समोरच्याला आपण होऊन समोर यायला लागतंय. काळा राजा डी८, आपला डी६, हत्ती एच८ ला, संपलं. त्या वेळी "एक" म्हणा मोठ्यानं.

प्रश्न : इचलकरंजीत यंत्रमागावर नाइट करतो. सुट्टीत आणि मधल्या वेळात मोबाईलवर एक मिनिटवाल्या गेम खेळतो, पझल पण शेकड्यानं सोडवलीत, पझल रेटिंग भारी आहे. पण समोर बसून खेळलो की तसलं काही दिसतच नाही. का?

उत्तर : कारण पझल सुरू होतानाच तुम्हाला सांगितलेलं असतं की इथं काहीतरी आहे. डावात कोण सांगणार? एक मिनिटाच्या गेममधी तर समोरच्याचं घड्याळ पडलं की जिंकलात, डाव संपवायची वेळच येत नाही, त्यामुळं फिनिशिंग नावाचा भाग तुम्ही सवयीतनंच काढून टाकलाय. खेळा, मजा आहे त्यात, मी पण खेळतो. पण नाइट नसेल त्या दिवशी एक जुना पूर्ण डाव घ्या, वरचे दोन घ्या, जिंकणाऱ्याच्या बाजूच्या चाली कागदानं झाका आणि प्रत्येक चाल आधी स्वतः ठरवून लिहून मग कागद खाली सरकवा. एका डावाला तास जाईल. शेकडा पझलपेक्षा तो तास मला जास्त वाटतो.

प्रश्न : हत्तीचे एंडगेम खरंच पाठ करायला लागतात का? मी दहावीत आहे, स्पर्धा खेळते. किती आणि कुठले?
— जयसिंगपूर

उत्तर : दोन. बाकीचे खेळता-खेळता कळतील, ही दोन पाठच पाहिजेत, झोपेतनं उठवून विचारलं तरी. एक जिंकायची, लुसेना. एक वाचवायची, फिलिडॉर.

लुसेना अशी लाव : पांढरा राजा जी८, प्यादं जी७, हत्ती एफ१. काळा राजा ई७, हत्ती एच२. प्यादं वजीर व्हायला एकच घर आहे पण आपलाच राजा त्याच्यापुढं अडकून बसलाय, आणि बाहेर पडला की काळा हत्ती शह देत सुटणार. पहिल्यांदा हत्ती ई१ ला शह देऊन काळा राजा डी७ ला लांब पाठव. मग हत्ती ई४, चौथ्या ओळीत. नवीन माणसाला ही चाल वेड्यासारखी वाटती. काळा हत्ती एच१ ला वेळ काढणार. आता राजा एफ७, हत्ती एफ१ शह, राजा जी६, हत्ती जी१ शह, राजा एफ६, परत शह, राजा जी५, परत जी१ ला शह, आणि आता आपला हत्ती जी४ ला मधे घालायचा. शह संपले, प्यादं वजीर झालं. त्या ई४ च्या हत्तीचं काम ह्या शेवटच्या चालीसाठी होतं. ह्याला पूल बांधणं म्हणतात.

फिलिडॉर हा अठराव्या शतकातला फ्रेंच खेळाडू. एक प्यादं कमी आहे, आपला राजा त्या प्याद्याच्या पुढच्या घरांत आहे, तर आपला हत्ती आपल्या बाजूनं तिसऱ्या ओळीत ठेवायचा म्हणजे समोरचा राजा पुढं येत नाही. तो प्यादं त्या ओळीत ढकलेपर्यंत नुसतं आडवं सरकत राहायचं, आणि प्यादं ढकललं रे ढकललं की हत्ती पार टोकाला मागं नेऊन मागनं शह सुरू. आता त्याच्या राजाला लपायला प्याद्यापुढची जागा राहिली नाही. ड्रॉ. बघ, वाचवतानासुद्धा बसून राहायचं नाही, वेळ आली की हत्ती कामाला लावायचा.

प्रश्न : हरलेला डाव कधी सोडावा? आमच्या टीमचे सर म्हणतात मातपर्यंत खेळा, मला लाज वाटते. (आठवी, पन्हाळा)

उत्तर : सर बरोबर आहेत. तुझ्या वयात समोरच्याला मात येती का ते त्याला सिद्ध करू दे. वरच्या पहिल्या पत्रातलं पोरगं वजीर वर असताना स्टेलमेट करून आलंय, त्याच्यासमोर जे बसलं होतं त्यानं डाव सोडला नव्हता म्हणून त्याला अर्धा पॉइंट मिळाला.

प्रश्न : तुम्ही कोल्हापूरकर जुनेच डाव किती दिवस उगाळणार? आणि एक खोचक शंका. गुकेश वर्ल्ड चॅम्पियन झाला तो चौदावा डाव टेक्निकचा नमुना म्हणून सगळे दाखवतात, पण समोरच्या डिंगनं (तेव्हाच्या चॅम्पियननं) ढोबळ चूक केली म्हणून गुकेश जिंकला. ह्यात टेक्निक कुठं आहे?
— सांगलीतला एक जुना खेळाडू

उत्तर : सांगलीकरांनी बुद्धिबळावरनं चिडवलं तर आम्हाला ऐकून घ्यावंच लागतं, भाऊसाहेब पडसलगीकरांचं आणि नूतन बुद्धिबळ मंडळाचं गाव ते. पण शंकेला उत्तर आहे.

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. मॅच साडेसहा-साडेसहा. डिंग पांढरा. ड्रॉ झाला असता तर रॅपिडचा (कमी वेळाच्या डावांचा) टायब्रेक. वजीर गेलेत, दोघांकडं एकेक हत्ती आणि एकेक उंट, दोन्ही उंट पांढऱ्या घरांतले, उरलेली प्यादी सगळी एकाच बाजूला, गुकेशकडं दोन आणि डिंगकडं एक. पुस्तकात बघितलं तर ड्रॉ. गुकेशनं हात पुढं केला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्यानं केला नाही, आणि नुसतं हलवत पण बसला नाही, राजा मधे आणला, डिंगला प्रत्येक चालीला काहीतरी बघायला लावलं. डिंगचा उंट तोवर ए८ ला, पार कोपऱ्यात जाऊन बसला होता.

पंचावन्नाव्या चालीला डिंगनं हत्ती एफ२ ला आणून हत्तीला हत्ती भिडवला, म्हणजे सोपं करून टाकायला गेला. गुकेशनं हत्ती मारले आणि उंट डी५ ला आणून ठेवला. आता कोपऱ्यातल्या उंटाला एकच तिरकी वाट असती, आणि तिच्यावरच काळा उंट येऊन बसला. बी७ ला जा, सी६ ला जा, तिथंच मारला जाणार, टळत नाही. उंट गेले, राजा-प्याद्याचा एंडगेम, दोन विरुद्ध एक. अठ्ठावन्नाव्या चालीला काळा राजा ई५ ला आला आणि डिंगनं डाव सोडला. साडेसात-साडेसहा.

चूक डिंगचीच, कोण नाही म्हणतंय. पण तो उंट दुसरीकडं कुठं असता तर तीच अदलाबदल चालून गेली असती, आणि माणूस चार तास राखण करत बसला की त्याला एकदाचं संपवावं वाटतंच, तसं वाटायला लावणं हेच तर वरचढ बाजूचं काम आहे. कापाब्लांकाच्या डावात पण टार्टाकॉवरला दुसरं बरं काही सापडलं असतं का ह्याच्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिलीत, म्हणून कापाब्लांकाच्या राजाची ती चाल कमी होत नाही.

आणि नवीन पाहिजे म्हणत असाल तर २८ जुलै २०२५ चा बातुमीतला टायब्रेक काढा, महिला वर्ल्ड कपची फायनल, आपली नागपूरची दिव्या देशमुख विरुद्ध कोनेरू हंपी. दोन्ही क्लासिकल (लांब वेळेचे डाव) ड्रॉ, पहिली रॅपिड ड्रॉ, दुसरी रॅपिड दिव्यानं जिंकली आणि त्याच्यावर ती ग्रँडमास्टर पण झाली. शेवटी दोघींकडं वेळ नव्हता आणि चुका दोन्हीकडनं झाल्या, स्वच्छ टेक्निक बघायला जाल तर निराश व्हाल. पण शेवटपर्यंत समोरच्याला प्रश्न कोण विचारत राहिलं एवढंच बघत जा.

गुकेशच्या डावातल्या पंचावन्नाव्या चालीआधीच्या पोझिशनचं मात्र एक काम करा, तुमच्या मंडळात दोघांना बसवा, डिंगच्या बाजूनं जो "हे ड्रॉ आहे" म्हणतोय त्याला पांढरा द्या आणि घड्याळ लावून खेळवा. काळ्यावाल्याला मोजून दहा मिनिटं. काय झालं ते कळवा, पुढच्या अंकात छापू.